मापाचा ब्लाउज

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काकू ब्लाउज शिवतात. त्यांचं नाव मला माहीत नाही, आणि इतक्या वर्षांनी विचारायला संकोच वाटतो. पूर्वी त्यांचं मशीन दिवसभर चालायचं. आता त्या रोज एकच ब्लाउज शिवतात आणि चार वाजता मशीन झाकून पायरीवर शेंगा सोलत बसतात. कोणी घाई केली तर म्हणतात, "मग समोरच्या टेलरकडे द्या. त्यांच्या मशीनला मोटर आहे." त्या थकल्यात की खूश आहेत, मला कळत नाही.

मला अंगाला टेप लावून घ्यायला आवडत नाही. म्हणून मी दर वेळी कॉलेजमधलाच जुना ब्लाउज मापाला देते. ताईच्या लग्नासाठी कापड दिलं, तेव्हा मात्र काकूंनी तो परत केला.

"हे माप तुझं राहिलं नाही गं."

"काकू, मी बारीक होणार आहे."

"लग्न कधी आहे?"

"पुढच्या रविवारी."

"बरं. हात वर कर."

त्यांनी आकडा मोठ्याने न बोलता वहीत लिहिला. मग स्वतःचा हात उचलून अंगातल्या ब्लाउजची काखेखालची कड दाखवली. जुनी शिवण उसवलेली होती, तिच्या टाक्यांच्या खुणा दिसत होत्या. "दर दोन वर्षांनी उसवून सैल करते," त्या म्हणाल्या आणि शेंगांकडे वळल्या.

लग्नात मला जेवल्यावरही नीट श्वास घेता आला. तरी जुना ब्लाउज कपाटात घडी करून ठेवलाय. का, ते सांगता येत नाही.