लातूर रोडला सुटलेली गाडी

बिलोलीला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर धर्माबादला नाहीतर थेट नांदेडला जावं लागतं. आमच्या शाळेच्या स्काऊट पथकातल्या आठ जणांपैकी पाच जणांनी तोवर गाडीत पाय ठेवलेला नव्हता आणि त्या पाचांत मी होतो. आठवीत होतो. रेल्वेची माहिती घ्यायची, सुरक्षेचे नियम शिकायचे, एक प्रवास करायचा, रेल्वेचा छंद असलेल्या एखाद्या माणसाला भेटायचं आणि हे सगळं वहीत उतरवायचं, म्हणजे बॅज मिळणार होता. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी पहाटेच्या एसटीनं कदम सर आणि पवार मॅडम आम्हाला घेऊन निघाले.

नांदेडला उतरल्यावर आधी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्ता) खाल्ली आणि चालत एका फाटकाजवळ गेलो. तिथे शेखमामा आमची वाट पाहत होते. रूळ तपासण्याच्या कामात त्यांचा जन्म गेला होता. आता निवृत्त झाले होते, पण फाटकाजवळ उभं राहण्याची त्यांची ऐट अजून नोकरीतलीच होती.

फाटक बंद झालं तसं त्यांनी आम्हाला कठड्यापासून बरंच मागे उभं केलं. लांब वळणावर इंजिन दिसलं.

"मी आकडे मोजतो," ते म्हणाले. "गाडी कितव्या आकड्याला इथं येती, सांगा बरं."

बालाजी पन्नास म्हणाला. बालाजी माझा वर्गमित्र. पोहण्यात, धावण्यात, झाडावर चढण्यात तो पहिला असायचा. मी चाळीस म्हणालो. मामा एकोणिसाव्या आकड्यावर होते तेव्हा इंजिन आमच्या समोरून धडधडत गेलं. त्यांचा विसावा आकडा ऐकूच आला नाही.

"मोठी चीज दुरून सावकाश दिसती, बेटा," गाडी गेल्यावर ते म्हणाले. "म्हणून लोक फसतात. आणि ड्रायव्हरनं तुम्हाला बघितलं तरी गाडी जागच्या जागी थांबत न्हाई. ती तिकडं पाण्याची टाकी दिसते का? तिच्याही पुढं जाऊन थांबती."

मग एकेक नियम त्यांनी आमच्याकडून म्हणवून घेतला. कानात काही घालून रूळ ओलांडायचा नाही. दारात लटकायचं नाही. शेवटचा नियम त्यांनी स्वतः सांगितला. "गाडी सुटली तर सुटू द्या. दुसरी येती. पाय दुसरा येत न्हाई."

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत.

स्टेशनवर पगड्या बांधलेल्या यात्रेकरूंची गर्दी होती. लातूरला जाणारी आमची गाडी आली, जागा मिळाल्या आणि मी खिडकीला चिकटलो. पूर्णा, परभणी मागे पडली. काळ्या रानात तूर फुलावर होती, हरभरा नुकता वर आलेला. गंगाखेडजवळ गोदावरीचा पूल आला तेव्हा डब्यातल्या एका आजीबाईंनी पाण्यात नाणं टाकलं आणि नदीला हात जोडले. मॅडमनी धपाटे वाटले. परळीची उंच धुराडी दिसली, मग डोंगर सुरू झाले आणि गाडीचा वेग उतरला.

मी मोठ्या स्टेशनांवर दिसतील तेवढ्या इंजिनांचे नंबर वहीत लिहीत होतो. छंद म्हणून हे करता येतं, असं सरांनी सांगितलं होतं. पाच आकडी नंबर, रंग, ठिकाण. सहा नंबर झाले होते. आमच्या स्वतःच्या गाडीचं इंजिन मात्र राहिलं होतं, कारण आमचा डबा पार शेवटी होता.

लातूर रोड स्टेशनात गाडीची दिशा बदलते. इंजिन पुढून काढतात आणि मागच्या टोकाला आणून जोडतात, म्हणजे शेपूट होतं तिकडे तोंड होतं. पण त्या दिवशी दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आम्हाला पलीकडच्या फलाटाला घेतलं होतं, त्यात दिशेचा घोळ होऊन इंजिन कोणत्या बाजूला जाणार याचा मी उलटाच अंदाज केला. कुणालाही न सांगता उतरलो आणि मूळच्या पुढच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे फक्त मोकळी साखळी लोंबत होती. इंजिन आमच्याच डब्याला जोडलं जात होतं. तसाच मागे फिरलो. आमचा डबा दोन-तीन डब्यांवर राहिला तेव्हा लांबून नंबराचे पहिले तीन आकडे दिसले. थांबून ते लिहिले, तेवढ्यात भोंगा झाला.

शेजारच्या डब्यात चढायचं मला सुचलं नाही. मी माझ्या डब्याकडे पळत निघालो, दाराजवळ पोचत होतो तोच गाडी हलली. डबे मी पळत होतो त्याच दिशेला, माझ्या पुढे पुढे सरकू लागले. आमच्या डब्याच्या दारात बालाजी उभा होता. एका हातानं दांडी धरून तो बाहेर वाकला होता आणि दुसरा हात त्यानं माझ्याकडे पसरला होता.

"ये! पळ! धर हात, धर!"

अंतर फार नव्हतं. मी थांबलो.

पाण्याच्या बाटल्या घेतलेला एक माणूस माझ्या बाजूनं पळत गेला, त्यानं मधल्या डब्याची दांडी पकडली आणि आत गेला. आतून कुणीतरी त्याची पाठ थोपटली. मग शेवटचा डबा गेला आणि समोर रिकामे रूळ राहिले. मला रडू आलं नाही. फक्त आपण मूर्ख आहोत असं फार स्पष्ट वाटलं.

हिरवं निशाण गुंडाळत एक बाई माझ्याकडे आल्या. मीनाताई, तिथल्या कर्मचारी.

"गाडी सुटली न्हवं? काय करत होतास इथं?"

"नंबर लिहीत होतो."

"इंजिनाचा?" त्यांनी वही घेऊन बघितली. पहिल्या पानावर सरांचा मोबाईल नंबर होता. त्यांनी तिथूनच फोन लावला. "लेकरू हाय इथं माझ्यापाशी. काळजी करू नका. या सावकाश."

त्यांनी मला बाकावर बसवून चहा आणि बिस्किटं दिली. मी त्यांना त्या माणसाबद्दल विचारलं. तो तर नीट चढला की. मीही चढलो असतो ना?

"चढला असतास," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

मग म्हणाल्या, "मी ह्या फलाटावर हाय तवापासून बहुतेक सगळेच चढले बघ." मग माझा रिकामा कप घेऊन त्या उठल्या.

दीड-दोन तासांनी कदम सर लातूरहून जीपनं आले. मीनाताईंना त्यांनी हात जोडले, मग माझ्याकडे वळले. "न सांगता उतरलास, याची शिक्षा मिळेल. गाडी सोडलीस, त्याची मिळणार नाही."  जीपमध्ये लातूरपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

लातुरात कुलकर्णी गुरुजींच्या घरी बाकीचे आधीच पोचले होते. गुरुजी निवृत्त चित्रकला शिक्षक. पूर्वी लातूरला येणारी बारक्या रुळांची, म्हणजे नॅरोगेज गाडी त्यांनी पत्रा, छत्रीच्या काड्या आणि सायकलचे छर्रे वापरून जशीच्या तशी बनवली होती. तिच्यासाठी एका खोलीभर रूळ, बोगदा, स्टेशन. माझ्यासाठी त्यांनी ती पुन्हा एकदा चालवली. मग माझी वही मागितली.

"हा सातवा नंबर अर्धाच आहे."

"गाडी सुटली, गुरुजी."

त्यांनी कपाटातून स्वतःची जुनी वही काढली. मध्येमध्ये रिकाम्या चौकटी होत्या. कुठे दोन आकडे, कुठे एकच. "हे माझे सुटलेले. खोडायचे नाहीत आणि मनानं भरायचेही नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं परतलो. बालाजी माझ्या शेजारी होता. आदल्या संध्याकाळपासून तो मला 'फलाटाचा पाहुणा' म्हणत होता आणि बाकीच्यांनी ते नाव उचललं होतं. लोहा गेल्यावर सगळे पेंगायला लागले, तेव्हा तो समोर बघत हळूच म्हणाला, "एक सांगू का? मी हात पुढं केला ना, तवा माझा दांडीवरचा हात सुटत चालला होता. घामानं. तू धरला असतास तर…"

"मग 'ये ये' कशाला ओरडत होतास?"

"काय म्हाईत. तोंडातून निघतच गेलं. थांबवता येईना."

 त्या दिवसापासून मला कुणी पाहुणा म्हणालं की बालाजी त्याच्यावर डाफरायचा. का, ते कुणाला कळत नव्हतं.

त्यानंतर मी पुष्कळ प्रवास केला. फलाटावर थांबलो ते शहाणपण होतं की भीती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. शेखमामांचं वाक्य आठवलं, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पायच हलले नाहीत.

हे लिहिण्याआधी बालाजीला फोन केला. विचारलं, तुझ्या हाताचं लिहू का?

"लिही की," तो म्हणाला. "पण मी ओरडत होतो, तेबी लिही."

म्हणून लिहिलं.