शेवटची सहा मिनिटं

उत्तम गेल्याचा फोन उत्तमच्याच नंबरवरून आला, आणि तो मी उचलला नाही. आधीच्या पंधरा दिवसांत त्या नंबरवरून दोनदा फोन आले होते, तेही उचलले नव्हते. आठ वर्षांचा अबोला फोनवर कसा मोडायचा? यायचंच असेल तर त्यानं हिंगोलीला माझ्या घरी यावं, असं मी मनाशी धरून बसलो होतो. त्या सकाळी मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. फोन वाजून वाजून थांबला. मागच्या बाकावर आमच्या गावाकडचा एक जण पेपर चाळत होता, तो म्हणाला, "मास्तर, उत्तमराव गेले म्हणं पहाटं. तुमाला कळलं न्हाई?" … अर्धी दाढी तशीच पुसून मी उठलो, बसस्टँडपर्यंत गेलो आणि तिथून परत आलो. कोणत्या तोंडानं जायचं ते कळेना. गेलो तो तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. त्याला आता पाच आठवडे होत आले. एका जागी बूड टेकत नाही. पेपर उघडतो, मिटतो, गच्चीत जातो, कशाला आलो ते विसरून खाली येतो. बायको म्हणते, लिहून काढा एकदा. म्हणून हे.

उत्तम आणि मी एका वर्गातले. मी डी.एड. करून मास्तर झालो, आणि त्यानं विशी ओलांडायच्या आत आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात व्हिडिओ सुरू केला. सरकीच्या रिकाम्या गोदामाला ताडपत्र्या लावून अंधार करायचा, हिंगोलीहून भाड्यानं टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेट आणायची, आणि बाजाराच्या दिवशी दुपारी शो. एकदा त्यानं देवाचा पिक्चर लावणार म्हणून दवंडी दिली. आसपासच्या गावांतल्या बाया लोटल्या. चपला बाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या, दोघीचौघींनी तर नारळ आणला होता. कॅसेटच्या डबीवर देव होता, पण आत निघाला घोड्यावरचा गोरा माणूस. डोळ्यांपर्यंत टोपी, दाढी वाढलेली, आणि बोलणं असं की इंग्रजीच्या मास्तरालाही ओ का ठो कळू नये. ती इटलीकडची भाषा, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. बाया कुजबुजायला लागल्या, मागच्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. आता लोक गोदाम डोक्यावर घेणार, तेवढ्यात उत्तम टीव्हीशेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मायमाउल्यांनो, हा किसन हाय. याच्या भावाला मालकानं घोड्यामागं बांधून मारलं. बारा वर्सांनी किसन गावात परत येऊन राहिला."

शिट्ट्या थांबल्या. पुढचा दीड तास तो बोलत होता. गावाला एकच विहीर, तिच्यावर मालकाचा कब्जा, आणि टोपी काढून खाली मान घातल्याशिवाय कुणाला घोटभर पाणी नाही. किसन मालकाची माणसं एकेक करून टिपतो, शेवटी भर चौकात मालकालाच आडवा करतो. मग उत्तम म्हणायचा, "किसननं विहिरीचं कुलूप तोडलं, लोकांला म्हणला भरा पाणी, अन् घोड्यावर बसून निघून गेला. मागं वळून पाह्यलं न्हाई." टाळ्या पडायच्या, आणि टाळ्यांतच तो टीव्ही बंद करायचा. नारळ फुटला तो त्या दिवशी किसनच्या नावानं. पुढं कित्येक बाजार लोक तीच कॅसेट मागत राहिले.

कॅसेट मागं गुंडाळायचं काम माझ्याकडं होतं. फीत थोडी शिल्लक राहते, हे माझ्या ध्यानात आलं होतं. "अजून पाच-सहा मिनिटं हायेत, काहून बंद करतो?" मी एकदा विचारलं. "नुसती नावं हायेत," तो म्हणाला. मी सोडून दिलं. पण तो मालक कोण, हे आमच्या गावच्या माणसाला सांगायची गरज नव्हती. गावात तेव्हा एकट्या भाऊसाहेबांचीच विहीर उन्हाळ्यात टिकायची. एका साली उत्तमच्या बापानं सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्या विरोधात मत दिलं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी त्याला रिकामी घागर घेऊन अंगणात उभं केलं, सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत. गाव येऊन पाणी भरून जात होतं. उत्तम तेव्हा चौदा वर्षांचा होता, आणि मीही बघणाऱ्यांतच होतो.

व्हिडिओ बंद पडला, उत्तम राजकारणात शिरला, दोनदा सरपंच झाला. पुढं जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा सुमनवहिनी निवडून आल्या, आणि खुर्चीवर बसला उत्तमच. पण माणूस कामाचा होता, हे नाकारून चालणार नाही. तीस वर्षं नुसती बोलली जाणारी नळयोजना त्यानं खेटे घालघालून गावात आणली. पाणी सोडायला पंचायतीचा माणूस ठेवला. फक्त भाऊसाहेबांच्या गल्लीच्या पाण्याचा वॉल तो स्वतः फिरवायचा. सगळ्या गावाला पाऊण तास पाणी, त्या अकरा घरांना दहा मिनिटं, आणि तेही सगळ्यांच्या शेवटी. लोखंडी चावी रोज घरी न्यायचा. भाऊसाहेब तर नळ येण्याआधीच वारले होते. गल्लीत राहिली होती त्यांची म्हातारी बायको जिजी, आणि बाकीची दहा घरं, ज्यांनी कुणाच्या बापाला कधी उन्हात उभं केलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी मी गावी गेलो, आणि जिजीला डोक्यावर हंडा घेऊन शेजारच्या आळीतून येताना पाहिलं. तडक उत्तमच्या ओसरीवर गेलो. "मेलेल्या माणसावर कोणता सूड उगवून राहिलास?" तो शांतपणे म्हणाला, "तुझा बाप उभा न्हवता उन्हात." मी चिडून म्हणालो, "तुझा किसन तर कुलूप तोडून निघून गेला होता." त्यावर तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. म्हणाला, "तो किसन माझा व्हता, मास्तर. कॅसेटमधला तसा न्हवता." मला वाटलं, शब्दात सापडला म्हणून टोलवतोय. तिथून उठलो तो पुन्हा त्या ओसरीवर चढलो नाही.

राख सावडली त्या दिवशी वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मीच लावून देत व्हते तुमाला फोन. त्यांला काई सांगायचं व्हतं." राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. त्यामुळं जास्त लागलं. काय सांगायचं होतं त्याला… हे आता कुणाला विचारू? मी पुण्याच्या मुलीला त्या पिक्चरची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, शोध. तिनं तीन आठवडे घेतले, पण शोधला. फारसा कुणाला ठाऊक नसलेला पिक्चर, इंटरनेटच्या कुठल्या कोपऱ्यात पडलेला. भर दुपारी मोबाइल तक्क्याला टेकवून बघितला. मालक चौकात पडतो, आणि फीत पुढं सरकतेच. किसन मालकाच्या ओसरीवर जातो, त्याच्या खुर्चीत बसतो. एक बाई बादली घेऊन विहिरीवर येते. किसन विहिरीच्या झाकणावर पाय ठेवतो, आणि ती मान खाली घालेपर्यंत पाय काढत नाही. त्यावर नावं सुरू होतात.

म्हणजे विशीतल्या उत्तमला हे ठाऊक होतं. दर बाजाराला तो ते झाकत होता, आणि लोकांना त्याला पाहिजे तसा माणूस दाखवत होता. तो माणूस त्याला स्वतःला होता आलं नाही. याचा राग यावा की रडू यावं? मला दोन्ही आलं. आणि माझी तरी काय वेगळी गत? आठ वर्षं मीही त्याला तरसवतच होतो की. तो मान खाली घालून दारात यावा, याची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं गाव गाठलं. वहिनी चावी घेऊन निघाल्याच होत्या. मी सोबत चाललो. त्यांनी त्या गल्लीचा वॉल उघडला आणि मोबाइलवर वेळ बघत उभ्या राहिल्या. नवव्या मिनिटाला बायांनी आपापले हंडे न सांगताच बाजूला ओढले. वहिनी वाकल्या.

"राहू द्या, वहिनी."

"त्यांनी घालून दिलेली येळ हाय, भाऊजी. रोज सोता यायचे. मी कशी मोडू?"

नवऱ्याचं एवढंच त्यांच्या हातात राहिलं होतं, आणि त्या ते सांभाळत होत्या. मी म्हणालो, "त्यानंच मला सांगितलं. या गल्लीचं पाणी आता मोकळं सोडायचं म्हणाला."

"कवा?"

"फोनवर."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. दोन्ही वेळा फोन त्यांनीच लावून दिला होता, दोन्ही वेळा तो वाजून बंद पडलेला त्यांनी ऐकला होता. मी खोटं बोललो, ते इथं कबूल करतो. "व्हय का," त्या म्हणाल्या, आणि चावी मांडीवर घेऊन तिथल्या दगडावर बसल्या.

पाणी येत राहिलं. हंडे भरले, बादल्या भरल्या, पाणी गल्लीतून वाहायला लागलं. शेवटी जिजी भिंतीला धरत धरत वॉलपाशी आली. वाकून वहिनींच्या कपाळाला हात लावून बघितला.

"सुमन, बरं न्हाई का माय तुला? आज बंद करायचं राह्यलं."

"बरी हाय, जिजी," वहिनी म्हणाल्या. "तुमी भरा."