चहाच्या खोक्याची महिरप

मला खेचरानं लाथ मारली म्हणून मी लाकडातली नक्षी शिकलो. गावाला मात्र वाटायचं, गोळी लागली. लढाई संपल्यावर मी लंगडत मोटारीतून उतरलो आणि चावडीपाशी बसलेल्यांनी आपसात ठरवून टाकलं की गोळीच हाय. एकानं तर ती कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली तेही मलाच दाखवलं. मी गप्प बसलो. पुढं ते मला हवालदार म्हणायला लागले. मी साधा शिपाई, खेचरांना दाणापाणी करणारा. तरी गप्प बसलो. गप्प बसून माणसाला जेवढं मोठं होता येतं तेवढा मी झालो.

पाय मोडला तेव्हा मिल्ट्रीच्या दवाखान्यात तीन महिने खाटेवर होतो. शिपाई नुसते पडून राहिले की भांडतात. म्हणून तिथली एक गोरी मडम दुपारी सगळ्यांना उद्योग द्यायची. कुणाला विणकाम, कुणाला टोपल्या. माझ्या हातात तिनं एक करवत दिली. करवत म्हणजे सुताराची नव्हे. लोखंडाची लांब वाकवलेली कमान आणि तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं पातं, दोऱ्याएवढं बारीक. त्यानं पातळ फळीत पान, वेल, पक्षी, काय पाहिजे ते कोरून काढता येतं. मडम कोरायची तेव्हा आवाजसुद्धा यायचा नाही. मी कोरायचो तेव्हा टक् असा यायचा, म्हणजे पातं मोडलं. ती जवळ बसून इंग्रजीत समजावून सांगायची आणि मी मान हलवायचो. निघताना तिनं ती करवत आणि पात्यांची पुडकी मलाच देऊन टाकली. वॉर्डात शांतता व्हावी म्हणून दिली असणार.

घरी आल्यावर गोठ्याशेजारची वैरणीची खोली रिकामी केली आणि तिथं कारखाना मांडला. खिडकीला एक जाड फळी ठोकली. तिच्या पुढच्या टोकाला चिमणीनं चोच उघडावी तशी खाच पाडली. त्या खाचेवर लाकूड ठेवायचं आणि करवत खालवर करायची. लाकूड म्हणजे वाण्याकडची चहाची रिकामी खोकी. त्यांच्या फळ्या पातळ आणि सरळ असतात. माझा पहिला मोर कोरून झाला तरी त्याला चहाचा वास होता. मोर असल्याची खूण मात्र कुठंच नव्हती.

शेतकऱ्याच्या पोरानं करवत धरली म्हटल्यावर गावचा सुतार चौकशीला आला. तो माझ्याच वयाचा.

"हवालदार, आसं आसंल तर उद्यापासनं नांगर मी धरतो. रंधा तुमी घ्या. बलुतं बी तुमीच घ्या."

"आरं गड्या, हे मौजेसाठी हाय."

त्यानं मोर उचलून उजेडात धरला. "ह्यो काय, रेडा का?"

"मोर."

"मंग मौजच हाय," तो म्हणाला आणि लय समाधानानं घरी गेला. त्याला पुन्हा माझी कधी भीती वाटली नाही.

महिनाभरात मी तीन मोर आणि एक फूल वाया घालवलं. फूल नीट कोरलं होतं, पण त्याला बाजूच्या लाकडाशी धरून ठेवायला देठच ठेवला नव्हता. शेवटचा काप झाला आणि फूल खाली शेणात पडलं. पात्यांचं एक पुडकं संपलं. आमची कारभारीण दारात सूप घेऊन जोंधळं पाखडत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा मला घाबरायची. लढाईवरून आल्यावर घाबरायची बंद झाली, कारण खेचराचं तिला एकटीला ठाऊक होतं.

"आवं," ती म्हणाली, "करवत का पळवताय?"

"मंग काय पळवू?"

"फळी. विळीचं पातं कवा हालतं का? पाय दिला की विळी जागची हालत न्हाई. आपुन दोडका फिरवतो. तुमी करवत एका जागी खालवर करा आन् लाकूड फिरवा." मग जवळ येऊन तिनं पात्यावरून बोट फिरवलं. "आन् हे उलटं लावलंय. दातं वर हायती. म्हणून फळी उड्या मारतीया."

मडमनं तीन महिने हेच सांगितलं असणार.

"तूच करून दाव मंग," मी रागानं म्हणालो. मला वाटलं, लाजंल. तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि बसली. कोळशानं फळीवर एक वेल काढली, रांगोळीतली. रांगोळीत ती रेघ कधी तुटू द्यायची नाही, तशी लाकडातही दिली नाही. प्रत्येक पान कुठंतरी दुसऱ्या पानाला धरून राहिलं. एकसुद्धा पातं मोडलं नाही. मी दारात उभा राहून कोण येतंय का ते बघत होतो. त्या घरात माझ्या जोगतं तेवढंच काम होतं.

बाईमाणसानं करवत धरली हे कळलं असतं तर गावाला पुढचे सहा महिने दुसरा विषय लागला नसता. म्हणून दुपारी सगळी रानात गेली की आम्ही दार लोटून घ्यायचो. आईला वाटायचं, सून लेकाचा पाय चेपते. ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, "गोळीचा पाय, सारखा चोळावा लागतो."

दिवाळीपर्यंत आमच्या देव्हाऱ्याला महिरप झाली. वर वेल, दोन्ही बाजूंना राघू, मधे कुयऱ्या. तिरीप पडली की भिंतीवर सगळी नक्षी उमटायची. गाव बघून गेलं. मग एक दिवस औंधाकडचे एक साहेब आले. पौषात तिथल्या डोंगरावरच्या देवीच्या जत्रेला हातकामाच्या वस्तू मांडणार होते, त्यासाठी गावोगाव हिंडत होते. महिरपीपुढं ते चपला काढून उभे राहिले.

"कुणी केली ही?"

"हवालदारांनी!" सोप्यात जमलेले सगळे म्हणाले.

कारभारीण चहाचा पेला घेऊन माजघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. आणि मी सवयीनं गप्प बसलो.

"छान. ही घेऊन या जत्रेला. आणि लोकांसमोर बसून कोरूनही दाखवा," असं सांगून साहेब गेले.

माणसं पांगल्यावर मी म्हणालो, "पाय दुखतोय म्हणून कळवू."

"पायानं कोरता व्हय?"

"खरं सांगून टाकू का?"

तिनं साहेबांचा रिकामा पेला उचलला. "सांगा की. तुमाला जमत आसंल तर."

मला जमत नव्हतं. तेवढा धीर खेचरांच्या पलटणीत शिकवत नसत.

"मंग शिका," ती म्हणाली.

तिनं मला आधी विळीवर बसवलं. महिनाभर घरातला दोडका, कारली, कांदे मी चिरले. काकडीची साल न तुटता एका सलग पट्टीत काढता आली तेव्हा कुठं लाकडाची फळी हातात मिळाली. मधे एकदा चुलता अचानक आत आला आणि मला विळीवर बघून तसाच मागं फिरला. संध्याकाळपर्यंत गावात कारणही तयार झालं: लढाईत हवालदार गोऱ्या साहेबांचा खाना बघत होते. माझी आणखी एक बढती झाली.

लाकूड आल्यावर ती समोर उंबऱ्यावर बसायची. वळण आलं की म्हणायची, "आता वळवा." लवकर वळलो की नक्षी जाड व्हायची, उशिरा वळलो की पातं मोडायचं. हळूहळू ती बोलायची थांबली, नुसती मान हलवायची. मी प्रत्येक वळणाला मान वर करायचो, तिची मान हलली की फळी फिरवायचो. पौष उजाडेपर्यंत मला एक राघू कोरता यायला लागला.

जत्रेला अर्धा गाव आला होता. सुतार तर सगळ्यांत पुढं बसला, हाताची घडी घालून. बायका एका बाजूला होत्या. त्यांत आई आणि कारभारीण. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, नथ घातली होती. मला वाटलं, देवीसाठी.

मी बसलो. चोच झाली, डोकं झालं, पाठ झाली. प्रत्येक वळणाला मी बायकांकडं मान वर करत होतो आणि तिची मान हलत होती. साहेबांच्या ते ध्यानात आलं.

"अहो हवालदार, सारखं तिकडं काय बघताय?"

सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. सुतारानं हाताची घडी सोडली. मी कारभारणीकडं बघितलं. तिनं पदर कपाळावरून जरा मागं घेतला होता, कुणी नाव पुकारलं तर उठून उभं राहायचं असावं तसा. तेव्हा मला कळलं, ते लुगडं कशासाठी होतं.

एक वाक्य होतं. तीन शब्दांत मावलं असतं.

मी डोंगराकडं हात जोडले आणि म्हणालो, "देवीच्या कळसाकडं बघतोय, साहेब. तिचंच देणं हाय हे."

माणसं वाहवा म्हणाली. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. कारभारणीनं पदर पुढं ओढला आणि बांगड्या बघत बसली. शेपटीच्या वळणाला मी मान वर केली तेव्हा समोर नुसता पदर होता. मी अंदाजानं वळलो. शेपटी आखूड झाली.

मला शाबासकीचा कागद मिळाला, माझ्या नावाचा, नावापुढं हवालदार लिहिलेला. येताना बैलगाडीत गाव दिसायला लागल्यावर तिनं नथ काढून पदराला बांधली. मग म्हणाली, "शेपटीला घाई केलीसा." तेवढंच.

त्या कागदाला तिनं वेलीची चौकट कोरून दिली. ती झाल्यावर करवत खुंटीला अडकवली आणि परत कधी हातात घेतली नाही. मी एकदोनदा म्हटलं, बस की. "आता जमतंय की तुमाला," म्हणायची आणि कामाला लागायची. रागही धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. पुढं चाळीस वर्षं मी कोरत राहिलो. पंचक्रोशीत निम्म्या देव्हाऱ्यांना माझी महिरप आहे. बऱ्याच राघूंच्या शेपट्या आखूड आहेत.

ती गेली त्याला आता दहा महिने झाले. तिचे दिवस घातले त्या दिवशी सुतार काठी टेकत आला. बराच वेळ माझ्यापाशी बसला, चौकटीकडं बघत.

"वैनींचा हात लय साफ हुता," तो म्हणाला.

"तुला कवापासनं ठाऊक?"

"पयल्यापासनं. रेडं कोरणारा मानूस दिवाळीपतूर राघू कोरत न्हाई, हवालदार."

"मंग बोलला का न्हाईस रं?"

"तुमी बोलताल म्हणून थांबलो हुतो."

चाळीस वर्षं थांबला. आणि तीही.

मी चौथीतून शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण हे लिहितो आहे. देव्हाऱ्याची महिरप माझ्या बायकोनं कोरली. जत्रेत मला कागद मिळाला तो तिचा होता. गोळी लागली नव्हती, खेचर होतं. मी हवालदार नव्हतो.

अजून दुपारी करवत घेऊन बसतो. वळण आलं की मान वर होतेच. उंबऱ्यावर कुणी नसतं, मग मी हात थांबवतो आणि पातं लाकडात तसंच राहतं.

परवा चौकटीतला कागद काढून चुलीत घातला. सून बघत होती. म्हणाली, "आवं मामंजी, रिकामी चौकट कशाला ठेवायची भिंतीला? एखादा फोटू तरी लावूया."

तिचा फोटो कधी काढला नव्हता.

"रिकामी न्हाई ती," मी म्हणालो. "जवळ जा. कडंची वेल बघ."