चंदेरी कोट

मोबाईलवर एक जुना इंग्रज रॉक बँड दिसला. कधीकाळी यांच्या चमचमत्या कपड्यांनी आणि उंच टाचांच्या बुटांनी विलायतेतल्या पोरींना वेड लावलं होतं. पुढे फॅशन बदलली, बँड फुटला. आता सत्तरीचा गायक समुद्रकाठच्या छोट्याशा हॉलमध्ये तोच चंदेरी कोट घालून, धापा टाकत गात होता.

“अहो, या वयात शोभतं का हे?” बायको म्हणाली.

माझा मात्र आतून नुसता जळफळाट. त्याची प्रसिद्धी मला नकोच होती, पण तो कोट अजून त्याच्याच अंगावर होता! कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी घालायचो तो चंदेरी शर्ट माझ्या लग्नानंतर आईने कापला. दरवर्षी गौरी आल्या की मखराला त्याचीच झालर लागते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या झालरीचं तोंडभर कौतुक करतात, आणि मी हसतहसत त्यांच्या हातावर प्रसाद ठेवतो.