न पाहिलेलं रंगून

मथू, नाशिकरोडच्या फलाटावर तू माझ्या पदराचं टोक धरून उभी होतीस आणि गाडीची शिट्टी झाली तरी सोडेनास. शेवटी अण्णांनी तुझी बोटं उलगडली. मी सतराची, तू बाराची. लग्नाला चार महिने झाले होते आणि मी यांच्याबरोबर रंगूनला निघाले होते, कलकत्त्यापर्यंत आगगाडीने, पुढे आगबोटीने. ब्रह्मदेश तेव्हा आपल्याच सरकारात होता, पण आईच्या लेखी ते जगाचं दुसरं टोक. ती रडली नाही. खिडकीशी येऊन म्हणाली, "सगळं डोळे भरून बघ गं. आमच्या वाट्याचंही तूच बघ, आणि लिहीत जा."

उगाच नाही म्हणाली ती. पंचवटीच्या आपल्या घरात सगळ्या मुलखाचे यात्रेकरू उतरायचे, आपण मात्र कुठेच जायचो नाही. अण्णा त्यांचे उपाध्ये. देवळं दाखवायचे, आणि ज्या म्हाताऱ्यांना ब्रह्मगिरी चढवत नसे त्यांना ओसरीवर बसवून नुसत्या बोलण्याने चढवून आणायचे. "पायरी तापलीय, जपून," म्हणायचे आणि म्हातारी खरोखर पाय आखडून घ्यायची. आपण दोघी खांबाआड तोंडात पदर कोंबून हसायचो. ती विद्या माझ्याही अंगात मुरलेली आहे, हे मला रंगूनला कळलं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. हे लाकडाच्या एका वखारीत कारकून. पहिल्या दिवशी कामावर निघताना यांनी बाहेरून कुलूप घातलं. मला वाटलं, चुकून घातलं असेल. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "परका मुलूख आहे. तुला भाषा येत नाही. मला कामात घोर नको." मारझोड नाही, वाईट शब्द नाही. माणूस भित्रा, एवढंच. पण त्यापायी मी कोंडली गेले. रविवारी तरी कुठे नेतील म्हणून मी सकाळीच चांगलं लुगडं काढून ठेवायची. रविवारी हे झोपायचे.

गॅलरीखाली बाजाराचा रस्ता होता. ब्रह्मी बायका केसांत फुलं माळून, गालांना कसलंसं उगाळलेलं खोड फासून आपापल्या दुकानात बसायच्या, जाडजूड चिरूट ओढायच्या आणि पुरुष गिऱ्हाइकाला खुशाल खडसवायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. रागही यायचा, पण कुणाचा ते धड कळायचं नाही. भाजी मी दोरीला परडी बांधून खाली सोडायची आणि वर ओढून घ्यायची. भाजीवाली मान वर करून काहीतरी बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची. हे येईपर्यंत माझं बोलणं तेवढंच.

आता आईला लिहू काय? हे वाचल्याशिवाय पाकीट बंद करत नसत. मग यांनी आणलेली चित्रांची कार्डं समोर मांडली आणि लिहिलं. सोन्याच्या पॅगोड्याच्या पायऱ्या चढले, तापलेल्या फरशीने तळवे भाजले, तळ्यात नावेत बसले. चटके होते रामकुंडाच्या घाटावरचे. सकाळी भिक्षू रांगेने माधुकरी मागत जातात, एवढं मात्र खरं. ते गॅलरीतून दिसायचं. हे वाचून खूष झाले. "छान लिहितेस हं," म्हणाले. आपण बायकोला कुठेच नेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, की येऊनही बरंच वाटलं, देव जाणे. अण्णांनी कळवलं, आळीतल्या बायका पत्रं ऐकायला जमतात, यात्रेकरूंनाही वाचून दाखवतो. मला कानकोंडं व्हायचं आणि पुढचं पत्र मी आणखी रंगवून लिहायची. दोन वर्षं मी अशी रंगून हिंडले. लबाडी माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

तिसऱ्या वर्षी अण्णांचं पत्र आलं. यांनी मला न विचारता तुझ्यासाठी आपल्या वखारीतल्या एका कारकुनाचं स्थळ सुचवलं होतं. अण्णांनी लिहिलं होतं, "मथू एका पायावर तयार आहे. तुझी पत्रं तिला तोंडपाठ आहेत."

तो मुलगा रविवारी चहाला आला. चांगला होता गं, हसरा, निर्व्यसनी. बशीतला चहा संपवून त्याने यांना विचारलं, "तुमच्या दाराचं कुलूप कुठून घेतलंत? मजबूत दिसतं." यांनी दुकान सांगितलं. नव्या बिऱ्हाडाला पोळपाट कुठून आणावा ते सांगावं, तसं. मी चुलीपाशी उभी राहून सगळं ऐकत होते.

सोमवारी हे गेल्यावर एक कोरं पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: मी इथलं काहीही पाहिलेलं नाही. दिवसभर दाराला बाहेरून कुलूप असतं. मथूला पाठवू नका. यांना कळू देऊ नका. कार्ड परडीत टाकून परडी खाली सोडली आणि कोपऱ्यावरच्या टपालाच्या पेटीकडे बोट दाखवत राहिले. भाजीवालीने कार्ड उलटंसुलटं केलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, दुकान तसंच टाकून गेली आणि पेटीत टाकून आली. मग नेहमीसारखी वांगी भरून दिली.

दीड महिना मी जिन्यावर यांचं पाऊल वाजलं की धास्तावायची. मग अण्णांचं उत्तर आलं, तेही यांना: पत्रिका जुळत नाही. हे हळहळले. "तुझ्या बहिणीच्या नशिबात रंगून नाही," म्हणाले. मला वेगळी एक ओळसुद्धा नव्हती. न्यायलाही कुणी आलं नाही. मला सोडवा असं मी लिहिलं नव्हतं, हे खरं, पण मला ते फार लागलं. काय काय पाहिलंस, हे आईने त्यानंतर कधी विचारलं नाही.

पुढे यांना मुंबईला नोकरी लागली. बोट सुटली तेव्हा डेकवरून हे म्हणाले, "तो बघ पॅगोडा." झाडांच्या वर बोटभर सोनं चमकत होतं. दिसेनासं होईपर्यंत मी पाहून घेतलं. माझ्या पत्रांत तो केवढा मोठा होता.

तुला कुणी खरं कारण सांगितलं नाही. अक्काने मोडता घातला, तिला एकटीलाच मजा हवी होती, असं तुझ्या मनाने घेतलं. सायखेड्याच्या मास्तरांशी तुझं लग्न झालं आणि तू माझ्याशी वर्षानुवर्षं तुटक वागलीस. मीही मूग गिळून बसले. परवा संक्रांतीला आले तर नातीला म्हणालीस, "अक्काआजीला विचार. तिने जग पाहिलं, मला ठेवलं सायखेड्यात." पोर समोर येऊन बसली, आणि लाज नाही मला, मी तिला पॅगोडा चढवून आणला. तूही हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होतीस.

म्हणून हे लिहिते. तुझं लग्न मीच मोडलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. नाशिकचं घर माझ्यापुरतं अण्णांच्या त्या उत्तराबरोबर संपलं. आता घर म्हटलं की मला तुझी ओसरी आठवते, जिथे सकाळपासून कुणीही येतं, कुणीही जातं. मी तिथेच बैठक मारते आणि तू आतून ओरडतेस, "परक्यासारखी बाहेर काय बसतेस?" परक्यासारखी नाही गं मथू. मला अजून दाराच्या आत निवांत बसता येत नाही.