नकार लिहून मागणाऱ्या सुमतीअक्का

फोन सकाळी आला, मी बँकेत जायला निघाले होते तेव्हा. पलीकडे गिरिजम्मा होती. एरवी ती आधी तिंडी, म्हणजे नाश्ता, झाला का, घरचे कसे आहेत, हे सगळं विचारून मग कामाचं बोलते. त्या दिवशी कानडीत दोनच शब्द म्हणाली, "अक्का होदरु." अक्का गेल्या... मग तिनं सांगितलं, की डॉक्टरांचा दाखला हातात आलाय, मग हा फोन तुम्हाला, आणि आता बंगळुरूला दत्तण्णांना करायचाय. अक्कांनीच हा क्रम सांगून ठेवला होता. आधी डॉक्टरांचा दाखला, मग मी, मग सख्खा भाऊ. भाऊ तिसरा का, ते मला ठाऊक होतं. सुमतीअक्कांना जाऊन आता दीड महिना झाला. त्या गेल्यावर काय काय होणार याचा त्यांनी बांधलेला अंदाज जवळजवळ शब्दशः खरा ठरला आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळं म्हैसूरला आले आणि इथल्याच एका बँकेत लागले. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी पन्नाशीची एक बाई काउंटरवर आली. बरोबर गिरिजम्मा. बाईंची आई वारली होती, दोघींच्या खात्यावरून आईचं नाव काढायचं होतं. फॉर्मवरची सही आमच्याकडच्या जुन्या नमुन्याशी काही केल्या जुळेना. माझी मोडकी कानडी ऐकून त्यांनी विचारलं, "मराठी काय तुम्ही?" त्यांचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मिसळलेली, की पहिल्यांदा ऐकताना मला हसू आवरलं नव्हतं. मी म्हणाले, सही जुळत नाही, आज काम होणार नाही. त्यांनी हात काउंटरवर ठेवले. सांधे सुजलेले, बोटं सगळी करंगळीकडे कललेली. लोक अशा वेळी भांडतात, गयावया करतात, मॅनेजरला बोलवा म्हणतात. अक्का यातलं काहीच बोलल्या नाहीत. "सुम्मने परत पाठवू नका," म्हणजे उगाचच पाठवू नका, "होत नाही ना? मग बरेदु कोडि. लिहून द्या, शिक्का मारून." इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे नकार लिहून मागणारं दुसरं कुणी भेटलं नाही. मी लिहून दिलं, 'सही नमुन्याशी जुळत नाही.' त्यांनी तो कागद गिरिजम्माकडून नीट घडी करून पिशवीत ठेवून घेतला आणि माझे आभार मानले. अंगठा आणि फोटो घेऊन ते काम पुढं रीतसर झालं. पण माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं, म्हणून एका रविवारी मी त्यांचं घर शोधत गेले... आणि मग जातच राहिले.

वडील सरकारी खात्यात कारकून होते, ते लवकर गेले. आईच्या पेन्शनवर आणि अक्कांच्या शिवणावर घर चाललं. आसपासच्या कितीतरी नवऱ्यामुलींचे ब्लाउज अक्कांच्या हातचे. तिशीत संधिवात सुरू झाला आणि चाळिशी उलटेपर्यंत बोटांनी कामच सोडलं. गिरिजम्मा हुणसूरकडच्या एका खेड्यातली. तिकडे तंबाखूची पानं निवडायला जायची. नवऱ्यानं टाकल्यावर शिवण शिकायला म्हणून अक्कांकडे आली ती राहिलीच. अक्कांची वेणी घालणं, हुक लावणं, भात कालवून देणं, सगळं तिच्या हातांनी व्हायचं. येणारेजाणारे तिला कामवाली समजत. अक्का दर वेळी, समोर कुणीही असो, बोलणं थांबवून दुरुस्ती करत. "कामवाली नव्हे. घरातली आहे."

सरकारी नोकराच्या मुलीला अपंगत्वामुळं कमावता येत नसेल, तर आईवडिलांमागं ते पेन्शन तिला मिळतं. आई गेल्यावर अक्कांनी त्यासाठी अर्ज केला. चौकशीला एक माणूस घरी येऊन गेला आणि काही आठवड्यांनी नकार आला. कारणं दोन. एक, तपासणीत अपंगत्व पुरेसं आढळत नाही. दुसरं, अर्जदाराच्या घरी शिलाई मशीन आहे, म्हणजे त्या अर्थार्जनास सक्षम आहेत. मी ते वाचून हताश झाले. अक्का मात्र खूश दिसल्या. म्हणाल्या, "कारण दिलंय. आता ते खोडता येतं." मला जवळ बसवून त्यांनी अपील सांगितलं, मी लिहिलं. कितव्या वर्षी कोणतं बोट गेलं, कोणत्या डॉक्टरांनी काय लिहिलं, एकेक कागद क्रमानं. शेवटचा जोडलेला कागद होता माझ्याच हातचा, बँकेच्या शिक्क्याचा. एक कचेरी म्हणते हात चालतात, दुसरी म्हणते या हाताची सहीसुद्धा धड होत नाही. त्यांनी माझा नकार सांभाळून ठेवला होता तो यासाठी.

सुनावणीला मी रजा टाकून गेले. टेबलापलीकडे एक अधिकारी आणि एक डॉक्टर. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न मशीनचा विचारला. अक्का म्हणाल्या, "आहे की. वडिलांचा तंबोराही आहे घरात. मला गाता येत नाही." मग त्यांनी पदराला टोचलेली सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा मला काढायला लावला, टेबलावर ठेवायला लावला. "ह्या सुईत दोरा ओवून दाखवते. ओवला तर अर्ज मागे घेते. तेवढा पंखा बंद करा, नाहीतर वाऱ्यानं हुकलं म्हणाल." कुणीतरी खरंच पंखा बंद केला. अक्कांनी दोन्ही तळव्यांमध्ये सुई उभी धरली. ती पडली. पुन्हा उचलायलाच किती वेळ गेला... दोरा ओठांत धरून पाहिला, मनगटं टेबलाला टेकवून पाहिलं. मुद्दाम चुकत नव्हत्या, त्या खरोखर प्रयत्न करत होत्या, आणि ते बघणं फार अवघड होतं. कपाळावरचा घाम भुवयांवर आला तरी थांबेनात. दाराशी उभ्या गिरिजम्मानं तोंडाला पदर लावला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, पुरे आता. अक्का मान वर न करता म्हणाल्या, "आधी लिहा. मग थांबते." डॉक्टरांनी लिहायला घेतलं. अधिकाऱ्यांनी बँकेचा कागद उचलून विचारलं, सही कुणी नाकारली? अक्कांनी मान माझ्याकडे वळवली, "ह्यांनीच." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण त्यांचं अजून संपलं नव्हतं. "हात गेलेत. डोकं शाबूत आहे. हेही लिहा, डॉक्टर." डॉक्टर पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी तेही लिहिलं, की अर्जदार पूर्ण भानावर आहेत आणि प्रश्नांना स्पष्ट, सुसंगत उत्तरं देतात. ते वाक्य त्यांना कशाला हवं होतं, ते तेव्हा मला कळलं नाही.

पेन्शन मंजूर झालं आणि ती बातमी कशी कोण जाणे पसरली. लोक कागद घेऊन येऊ लागले. कुणी हिनकलहून, कुणी थेट हुणसूरच्या बसनं. प्रश्न बहुतेक तेच ते. बँकेत नॉमिनी लावलाय, म्हणजे सगळं त्याचंच ना? अक्का सांगायच्या, नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. मालक मृत्युपत्र ठरवतं, नाहीतर कायदा ठरवतो. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागतो का? नाही, साधा कागद चालतो. पण दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. एकदा केलेलं बदलता येतं का? श्वास आहे तोवर हवं तितक्या वेळा. आणि नकार आलेल्यांना पहिला प्रश्न त्याच विचारत, कागद हातात कधी पडला? कारण अपिलाची मुदत धावत असते. सोसले गावाहून एक आई यायची. तिच्या बहिऱ्या मुलीचं मासाशन, म्हणजे सरकारी भत्ता, दाखला जुना झाला म्हणून बंद पडला होता. तिनं सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते. अक्का म्हणाल्या, "देवाला सांगितलंत, चांगलं केलंत. आता तहसीलदारालाही सांगा, आणि त्याची पोच घ्या." काही महिन्यांनी भत्ता पुन्हा सुरू झाला. काहींचं झालंही नाही. तेव्हा अक्कांचा दिवस खराब जायचा, जेवायच्या नाहीत.

लोकांना सांगणाऱ्या अक्कांनी स्वतःचं मृत्युपत्र करायला घेतलं तेव्हा आमचं पहिलं आणि शेवटचं भांडण झालं. घर आईनं आपल्या नावावर घेतलेलं, आणि आईनं ते रीतसर अक्कांना लिहून दिलेलं. अक्कांचं म्हणणं, गिरिजा जिवंत असेतो तिनं इथं राहायचं, कुणी तिला काढायचं नाही. तिच्यामागं घर मेघनाला, दत्तण्णांच्या मुलीला. दत्तण्णांना काही नाही. मी आपली शहाणपणानं म्हणाले, घर भावाला द्या, गिरिजम्माची सोय करायची अट घाला, म्हणजे वाद नको, सगळं शांततेत होईल. अक्का म्हणाल्या, "माझ्यामागं ती अट पाळतोय की नाही, कोण बघणार? तू? तू बँकेतून सुटून किती वेळा येणार? तुझ्या शांततेसाठी गिरिजाला रस्त्यावर काढू काय?" त्यानंतर दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मला राग आला होता. आता वाटतं, घराबाहेर काढलं जाणं म्हणजे काय हे त्या गिरिजम्माकडून रोज ऐकत होत्या, आणि मी फक्त नातेवाईकांचे चेहरे डोळ्यांपुढं आणत होते. शेवटी मीच गेले. त्यांनी माफीबिफी काही मागू दिली नाही. म्हणाल्या, साक्षीदार हो.

नोंदणीच्या दिवशी गिरिजम्माला मुद्दाम घरी ठेवलं, उद्या कुणी तिच्या धाकानं केलं म्हणू नये म्हणून. डॉक्टरांचा ताजा दाखला घेतला. मृत्युपत्र कानडीत लिहिलं, कारण ज्या बाईला ते पुढं दाखवत फिरावं लागेल तिला त्यातलं प्रत्येक अक्षर वाचता यायला हवं. अंगठा उठवण्याआधी अक्कांनी सगळा मजकूर मोठ्यानं वाचला, पूर्ण कचेरी ऐकेल असा. लोक लिहिणं थांबवून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आयितु. झालं. आता मी मरायला मोकळी. पण घाई नाही." त्यानंतर सहा वर्षं जगल्या.

शेवटचं आजारपण छोटं होतं. छातीत न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नऊ दिवस. मी गेले तेव्हा बोलायला दम नव्हता. एक शिकाऊ नर्स गिरिजम्माला विचारत होती, तुम्ही पेशंटच्या कोण? गिरिजम्मा गोंधळली. अक्कांनी तोंडावरचा मास्क मनगटानं सरकवला आणि म्हणाल्या, "घरातली." मास्क परत लावून घेतला... त्यांचं मी ऐकलेलं ते शेवटचं.

तेराव्याला दत्तण्णा येऊन गेले. नंतर त्यांच्या वकिलाची नोटीस आली, गिरिजम्माच्या नावे. आजारी, परावलंबी, साधी सहीही न करता येणारी बहीण, तिच्या असहायतेचा फायदा घेऊन हे मृत्युपत्र करवून घेतलं आहे. गिरिजम्मानं नोटीस वाचली आणि ट्रंकेत कपडे भरायला घेतले. मी तिला थांबवलं. आमच्या वकिलांनी उत्तर दिलं. सोबत डॉक्टरांचा दाखला होता, आणि अपिलाचा तो निकाल, ज्यात एका सरकारी डॉक्टरानं लिहिलं होतं की हातांनी अपंग असलेली ही बाई पूर्ण भानावर आहे. अक्कांना ते वाक्य का हवं होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात उजाडलं. आणि मेघना, जिला मराठी जेमतेम येते, ती वडिलांना म्हणाली, "अत्तेनं लिवलेलं तसंच होणार, अप्पा. कोर्टात गेलात तर मी गिरिजम्माकडून उभी राहणार." दावा लागला नाही. लावणार नाही असंही दत्तण्णांनी म्हटलेलं नाही. म्हटलं नाही तर नाही. आमची तयारी आहे.

गेल्या रविवारी दत्तण्णा स्वतः आले, एकटेच. मी आत कागद लावत होते. फाटक वाजलं. लहानपणापासून ज्या घरात बेधडक शिरले त्याच घराच्या फाटकाशी ते अडखळले, आत यावं की नाही ते कळेना. गिरिजम्मा पुढं झाली. इतकी वर्षं ती या घराला अक्कांचं घर म्हणत आली. पत्ता सांगताना, दुकानात सामान मागवताना, मला फोनवर बोलावताना, कायम अक्कांचं घर. तिनं पदर नीट केला, फाटकाची कडी काढली आणि शांतपणे म्हणाली, "बन्नि, दत्तण्णा. इदु नन्न मने." या. हे माझं घर आहे.

 ते चपला काढून आत आले. तिनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि कॉफी टाकायला आत गेली.