लूमच्या खडखडाटातला शब्द

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, तेलाचा वास आला की दहावीतली शब्दस्पर्धा आठवते. स्पर्धेतल्या माझ्या जोडीदाराला त्याच्या लूममालक अब्बांनी बजावलं होतं, “हरलास तर कॉलेज भूल जा, सीधा शिफ्टवर ये.” क्यू आणि एक्स असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द एकाने मैदानापलीकडून सांगायचा, दुसऱ्याने फळ्यावर लिहायचा. शाळेशेजारच्या लूमच्या खडखडाटात बाकीच्या जोड्या ओरडून थकल्या. आम्ही दोघं कारखान्यातच वाढलेलो, तिथे सगळे ओठ वाचूनच बोलायचे. त्याने ओठांनी एकेक अक्षर सांगितलं, मी ‘एक्स्क्विझिटली’ लिहिलं, आणि टाळ्यांत लूमही ऐकू येईनात. शब्द त्याचा, तरी निम्म्या टाळ्या मी घेतल्या, ही टोचणी अजून आहे. पण गर्दीमागून अब्बांचे ओठ हलले, “जा, कॉलेजला जा,” ते आम्ही दोघांनीही वाचलं.